कर्नल बांधा, पण लाईट बघून

लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः बांधून बसवावं, हा सल्ला नवशिक्याला देतो तो बहुधा एसीत बसलेला तज्ज्ञ. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं ते पहिल्यांदा खुलं केलं तेव्हा त्यात सुमारे १० हजार ओळी होत्या. आता त्या ३ कोटींच्या वर गेल्या आहेत. 'मेक मेन्यूकॉन्फिग' म्हटलं की हजारो प्रश्न पुढ्यात. डहाणू तालुक्यातल्या रानशेतच्या पोरालाही विचारतात: सुपरकॉम्प्युटर जोडायचं इन्फिनीबँड हवं का? हो, नाही, की मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा जोडायचा सुटा भाग? रेशनकार्डाच्या अर्जात तरी इतके रकाने नसतात.

मग जुन्या लॅपटॉपवर काही तासांची घरघर, आणि तेवढ्यात लाईट जाते. डहाणूचं औष्णिक केंद्र ५०० मेगावॉटचं. वीज मुंबईच्या उपनगरांची. धूर मात्र स्थानिक. त्यातल्या त्यात 'मेक' हा प्रोग्राम सरकारी कचेरीपेक्षा समंजस: झालेलं काम पुन्हा मागत नाही, उरलेलं पुढे चालू करतो.

तेव्हा नवशिक्यांनो, जुनं कर्नल काढू नका. नवं रुसलं तर मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून तेच उठवायचं आहे. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा त्या घडीला चालू असलेलीच मॉड्यूल ठेवते, म्हणून प्रिंटर आणि डोंगल आधी जोडा. बॅटरी पूर्ण भरा. अंधेरीत दिवे आहेत म्हणजे रानशेतातही असतील, असं गृहीत धरू नका.