बसल्या बैठकीचा गिर्यारोहक

पर्वतीच्या पायऱ्या चढताना मी दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि खाली बघत म्हणतो, ‘पुणं किती बदललं नाही?’ पुणं खरोखरच बदललेलं असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. तोवर दम परत जागेवर येतो. अशा माणसाने रात्री दीड वाजता दिवाणखान्यात बसून, दात-ओठ खात, एका उभ्या कड्यावर डावा पाय कुठे टेकवावा याची विवंचना करावी, हे माझ्या घरच्यांना अजून पटलेलं नाही.

खेळाचं नाव ‘केर्न’. फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या ‘द गेम बेकर्स’ या छोट्या कंपनीने तो २०२६ च्या जानेवारीत बाजारात आणला आणि माझ्या चिरंजीवांनी तो घरात. आवा नावाची एक गिर्यारोहक बाई आणि कामी नावाचा पर्वत. त्याच्या माथ्यावर आजवर कुणी पोचलेलं नाही, आवाला पोचायचंय. संपली गोष्ट. कुणाला गोळ्या घालायच्या नाहीत, राजकन्या सोडवायची नाही.

एरवी व्हिडिओ गेममधला नायक भिंत चढतो म्हणजे काय, तर आपण कांडी पुढे ढकलायची आणि त्याने पालीसारखं सरसर वर जायचं. इथे तसलं काही चालत नाही. आवाचा एकेक हात, एकेक पाय स्वतंत्र उचलायचा, खडकात खाच शोधायची, तिथे टेकवायचा, मग दुसरा. कुठे धरावं हे सांगायला रंगीत खुणा नाहीत. खडक आपला खडकासारखा उभा. आणि खरी मेख म्हणजे अंगात किती बळ उरलंय हे दाखवणारी पट्टीच पडद्यावर नाही. पाय लटपटायला लागले, श्वास फुलला की समजायचं, बाईचं आता खरं नाही. ज्याने जन्मात स्वतःच्या धापेकडे लक्ष दिलं नाही, तो मी आवाचा श्वास कान देऊन ऐकू लागलो. रस्त्यावरून कुणी हॉर्न वाजवला की ओरडायचो, ‘अरे, तिला दम लागलाय इथे!’

माझ्या देहाला हा खेळ आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. आवाने पाय उचलला की टीपॉयखाली माझाही पाय उचलला जातो. तळहातांना घाम सुटतो. ती पकड घट्ट राहावी म्हणून हाताला खडूची पूड लावते, मी टाल्कम पावडर लावतो. सकाळी बायको विचारते, “अहो, सोफ्यावर पावडर कुणी सांडली?” तेव्हा मी पेपरात तोंड घालून बसतो.

या बायकोने मात्र मला एकदा वाचवलं. आवाची पाठपिशवी आपणच भरायची असते: पाणी, खाणं, दोर, बोटांना गुंडाळायची पट्टी. जागा बेताची, वस्तू आडव्यातिडव्या. मी घुसमटत होतो. ही पाणी प्यायला उठलेली, दोन मिनिटं मागे उभी राहिली आणि म्हणाली, “ते डबे आधी तळाशी घाला. आणि तो कचरा कशाला बांधून घेताय?” (कचऱ्याचा त्या पर्वतावर खडू करता येतो, हे तिला पटवून देण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.) पिशवी मिटली. “त्या बाईला खायला द्या काहीतरी,” जाताजाता ती म्हणाली, “आणि तुम्ही चिवड्याच्या डब्याला हात लावू नका.”

खडकात ठोकायच्या खिळ्यांना, म्हणजे पिटॉनना, मी फार जपतो. चांगली चादर पाहुण्यांसाठी ठेवणाऱ्या घरात माझी जडणघडण झाली. एक पिटॉन ठोकला की दोराला लटकून निवांत श्वास घेता येतो, पडलो तरी दोर झेलतो. सोबतचा यंत्रमानव नंतर ते खिळे काढूनही आणतो. पण ठोकताना वेळ चुकली तर पिटॉन वाकतो, म्हणून माझा जीव खालीवर. पुढे अवघड कडा येईल तेव्हा वापरू, म्हणत म्हणत मी वर जातो आणि पुरेसे पिटॉन पिशवीत शाबूत असताना दरीत कोसळतो.

“बाबा, एक्सप्लोरर मोड घ्या, सोपा असतो,” चिरंजीव म्हणाले. शिवरायांच्या मुलखातला माणूस सोपा मोड घेईल? मी घेतला, पण तो झोपल्यावर.

या खेळासाठी एलिझाबेथ रेव्होल या फ्रेंच गिर्यारोहक बाईंचा सल्ला घेतला होता. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन हिवाळ्यात, त्या नंगा पर्वतावर अडकल्या होत्या. केटूच्या मोहिमेवरचे अदाम बिएलेत्स्की आणि देनिस उरुब्को हेलिकॉप्टरने येऊन रातोरात कडा चढले आणि त्यांना घेऊन उतरले. जोडीदार तोमाश मात्स्कीएविच मात्र वरच राहिला. हे वाचल्यावर आवाच्या पायांचं लटपटणं मला नुसती करामत वाटेना. त्या रात्री मी पहिल्यांदा पिटॉन वेळेवर ठोकला.

इथे थांबायला हवं होतं. पण गावात एक कृत्रिम प्रस्तरारोहण भिंत आहे असं कळलं, आणि तिथल्या फॉर्मवर ‘अनुभव’ या रकान्यात मी ‘मध्यम’ असं लिहिलं.

हार्नेस चढवताना माझं पोट आणि पट्टा यांच्यात बराच वेळ बोलणी चालली. दोर धरून सांभाळायला एक विशीतली मुलगी होती. “काका, हातांनी ओढू नका, पायांवर उभे राहा!” ती खालून सांगत होती. अगं, हे तर मी आवाला रोज सांगतो! पण आवाचा पाय ऐकतो. माझा पाय पाऊण पुरुष उंचीवर आला आणि टकटक टकटक हलायला लागला. त्याही अवस्थेत मला मनापासून कौतुक वाटलं: किती हुबेहूब केलंय त्या फ्रेंच पोरांनी! खेळात पुढचा अवयव कोणता हलवायचा हे आपोआप ठरतं. इथे चारही अवयवांनी एकदम राजीनामे दिले.

“काका, बसा दोरावर. सोडा हात.”

हात सुटत नव्हते. तेही शेवटी दमून सुटले, आणि तिने मला गच्चीवरून पाण्याची टाकी उतरवावी तशा बेताने खाली घेतलं.

“आधी कुठे क्लाइंबिंग केलंय काका?” फॉर्मकडे बघत तिने विचारलं.

“कामी,” मी म्हणालो.

वाटलं, आता हसेल. पण तिचे डोळे चमकले. “‘केर्न’ खेळता तुम्ही? अहो, मी कधीची अडकलेय तिथे! पहिल्या तंबूच्या वरचा तो गुळगुळीत कडा, पाऊस आला की घसरतेच. तुम्ही कसा चढलात?”

मी घसा खाकरला. भिंतीला टेकून बसलो आणि डावा पाय आधी कुठे ठेवायचा, हाताला खडू केव्हा लावायचा, पाऊस थांबेपर्यंत कुठे दम खायचा, हे तिला तपशीलवार समजावू लागलो. ती मन लावून ऐकत होती. मध्येच माझ्या हातातली पाण्याची बाटली तिने घेतली आणि झाकण उघडून दिलं. माझ्या बोटांना ते काही केल्या जमत नव्हतं.