पाहुणेसर

कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला एक विषय असतो, दापोलीतल्या आमच्या सरांना दोन आहेत. पगार कीटकशास्त्राचा आणि काम पाहुण्यांचं. नवीन रुजू झाले तेव्हा वरून कुणीतरी सांगितलं, "जरा खेड स्टेशनला जाऊन पाहुण्यांना घेऊन या." सर गेले, पाहुणे सुखरूप आले, आणि तिथंच घात झाला. तेव्हापासून स्वागत समितीच्या यादीत दुसरं नाव कायम सरांचं. (पहिलं नाव ज्यांचं असतं ते त्या दिवशी रजेवर असतात.) विद्यार्थी त्यांना पाहुणेसर म्हणतात, आणि आता तोंडावरही म्हणतात.

असा माणूस प्रत्येक विद्यापीठात सापडेल. पण दापोलीतला जरा निराळा मुरतो, कारण दापोलीला येणारा पाहुणा नुसत्या भाषणाला येत नाही. पुण्यात पाहुणा रिक्षानं येतो, बोलतो, पाकीट खिशात घालतो, रिक्षानं जातो. दापोलीला रेल्वे नाही. मांडवी एक्सप्रेसनं खेडला उतरायचं आणि पुढं फुरूस, वाकवली करत तीसेक किलोमीटर वळणं घ्यायची. एवढी हाडं खिळखिळी करून घेतल्यावर कोण तासभर बोलून परत जाईल? त्यामुळं फोनवर सरांनी विषय सांगायच्या आधी पलीकडून विचारणा होते, "समुद्र किती लांब?" यावर सर वहीत 'दोन माणसं' लिहितात. "हर्णैला मासळीचा लिलाव असतो म्हणे" असं आलं की चार. "कर्द्याला डॉल्फिन दिसतात ना?" म्हणजे मुलं, मुलांची मित्रमंडळी आणि इनोव्हा.

तारखांचंही तसंच. जुलैत बोलावलं तर महाराष्ट्रातले एकजात सगळे विचारवंत कामात असतात. एप्रिल-मेमध्ये तेच विचारवंत स्वतःहून फोन करून शेतकऱ्यांविषयीची तळमळ व्यक्त करतात. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. ही तारीख ठरवताना कुणाच्या डोक्यात आंबा असेल असं नाही, पण वर्धापनदिनाला पाहुण्यांनी नाही म्हटल्याचं सरांना आठवत नाही.

सरांचं खरं शास्त्र गाडीत सुरू होतं. त्यांच्या खिशात आलेपाकाच्या वड्या असतात, पण त्या ते लगेच काढत नाहीत. "पाहुण्याला वाकवलीपर्यंत मोकळेपणानं बोलू द्यावं," ते म्हणतात. "जितकं गाडीत बोलेल तितकं सभागृहात कमी." वाकवलीला विद्यापीठाचं प्रक्षेत्र लागतं, तिथं पाहुणा खिडकीतून बाहेर बघत गप्प होतो. ते निसर्गप्रेम नसतं. मग वडी निघते.

भाषणाची सुरुवात ठरलेली: "ज्या भूमीनं..." दापोलीच्या भूमीनं खरंच पुष्कळ केलेलं आहे, त्यामुळं वक्त्याचीही पंचाईत होते. महर्षी कर्वे मुरूडचे, साने गुरुजी पालगडचे, रँग्लर परांजपे मुर्डीचे. पां. वा. काणे दापोलीच्या शाळेत शिकले आणि बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळ इथं गेला. म्हणजे कर्वे १९५८, काणे १९६३ आणि आंबेडकर १९९० असे तीन भारतरत्न एका तालुक्याच्या नावाशी जोडलेले. लोकमान्य जन्मले रत्नागिरीत, पण मूळ गाव चिखलगाव, तेही याच तालुक्यात. सर ही यादी टाइप करून गाडीतच देतात. तरीही एखादा वक्ता टिळकांना दापोलीत जन्माला घालतोच. मागच्या बाकांवर लातूर-यवतमाळकडून आलेली मुलं असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांना यादी पाठ झालेली असते. ती पाहुण्याबरोबर बोटं दुमडत मोजतात. काणे राहतात की परांजपे, यावर वडापावची पैज असते. बहुतेकदा काणे राहतात.

सरांच्या मते सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट म्हणजे कर्व्यांची सातारा-वारी. मुरूडचा पोरगा भर पावसात शंभराहून अधिक मैल चालत परीक्षेला गेला आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्याला बसूच दिलं नाही. गोष्ट उत्तमच आहे, कितीदाही ऐकावी. पण ती सांगणाऱ्यानं तासाभरापूर्वी गाडीतला एसी नीट लागत नाही म्हणून ड्रायव्हरला तीनदा टोकलेलं असतं, आणि ड्रायव्हर सभागृहाच्या दारात उभा राहून गोष्ट ऐकत असतो.

कलाकारांचं दुखणं वेगळं. वक्ता कुठल्याही हवेत बोलतो, तबला बोलत नाही. दापोलीच्या हवेत चामडं ओलावतं, स्वर उतरतो, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. एकदा मैफलीआधी सर तासभर दिव्याखाली तबला धरून बसले होते. मग तबलजींनी हातोडी घेऊन ठोकठोक सुरू केली. ती इतकी लांबली की पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्यांनी तोच कार्यक्रम समजून मनापासून टाळ्या वाजवल्या. मुलं मात्र अशा वेळी पुढची तयारी ठेवून असतात. वीज गेली, घाटात दरड आली, ऑर्केस्ट्राची गाडी अडकली, की आसपासच्या गावातली पोरं घुंगरं बांधून जाखडी नाचायला उभी राहतात. शक्तीवाले आणि तुरेवाले हे त्यातले दोन पक्ष एकमेकांना जे सवाल टाकतात, त्यात निम्म्या प्राध्यापकांची नावं गुंफलेली असतात. त्या रात्री सभागृह भरून ओसंडतं. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा पोचतो तेव्हा सगळे झोपलेले असतात.

सर स्वतः भाषणांवर फारसं बोलत नाहीत. एकदा मात्र एका प्रेरणादायी वक्त्यानं सभागृह हसवून, रडवून, उभं करून, परत बसवलं. बाहेर पडताना मी विचारलं, "कसं वाटलं सर?" ते म्हणाले, "सिंधू." हा विद्यापीठानं १९९२ मध्ये काढलेला आंबा, रत्ना आणि हापूसचा संकर. गर भरपूर, गोडी उत्तम आणि कोय नावापुरती. "खाऊन घ्यावा," सर म्हणाले, "रुजत घालायच्या भानगडीत पडू नये."

लांबलेलं भाषण थांबवणं हे जगभरातल्या संयोजकांना न सुटलेलं कोडं. 'वेळ संपली' अशी चिठ्ठी दिली की वक्ता ती वाचतो, हसतो आणि "संयोजक घाई करताहेत, पण..." म्हणून आणखी वीस मिनिटं घेतो. सरांची चिठ्ठी निराळी असते. तिच्यावर एवढंच: 'आंब्याची पेटी गाडीत ठेवली आहे. लिलाव चारला सुरू होतो.' आजवर कुठलाही वक्ता यानंतर दोन मिनिटांच्या वर टिकलेला नाही.

चिठ्ठी लागलीच नाही असा अपवाद एक. एका वर्षी कुणा मोठ्या माणसाऐवजी जुन्या बागायतदाराला बोलावलं होतं. आजोबा एसटीनं आले. दहा मिनिटं बोलले, त्यातली निम्मी पालवी आणि मोहोराच्या हिशोबावर. मुलांनी मग त्यांना तासभर सोडलं नाही. शेवटी सत्काराला कलम दिलं, तर त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन जोड तपासला आणि परत केलं. "बांधलाय घाईत," म्हणाले.

नारळाच्या मुलखात श्रीफळ काय द्यायचं, म्हणून ही कलमं देण्याची पद्धत. पाहुणे कलम छातीशी धरून फोटो काढतात, "गच्चीत लावतो" म्हणतात, आणि पेटी आठवणीनं नेऊन कलम विश्रामगृहाच्या व्हरांड्यात विसरतात. ही बेवारशी कलमं सर आपल्या क्वार्टरमागं लावतात. पाटी लावत नाहीत, पण ओळख पक्की आहे. "हे कादंबरीकार. चार पावसाळे झाले, नुसती पालवी." "हे निवृत्त सचिव. तुडतुडे फार." "या गायिका. गेल्या साली पंचवीस आंबे, आवाज नाही की तक्रार नाही." प्रेरणादायी वक्त्याला वाळवी लागली होती. सरांनी स्वतःच्या विषयातलं सगळं ज्ञान पणाला लावून त्याला वाचवलं. आता तो चांगला धरतो.

परवा तेच वक्ते पुन्हा आले. भाषण तेच होतं, हसण्या-रडण्याच्या जागाही त्याच. दुपारी जेवणात सरांनी आंब्याच्या फोडी पुढं केल्या. पाहुण्यांनी एक खाल्ली, डोळे मिटले, दुसरी घेतली.

"वा! कुणाच्या बागेतला हो?"

"आपलाच आहे," सर म्हणाले.

"हा तुमचा कोकणी मोठेपणा," पाहुणे म्हणाले आणि ताट पुढं ओढत त्यांनी विचारलं, "याची पेटी मिळेल का?"