बिअर आणि भांडी

लीड्समधल्या पबात हल्ली एका पाइंटला पाच पौंडांची नोट मोडावी लागते आणि बऱ्याचदा तीही पुरत नाही. ‘घरी केलीस तर पाइंट पौंडाच्या आत पडतो’ असं ऑफिसातला एक जण बोलून गेला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. थेंबही पोटात न जाता चढलेली ती माझी पहिली बिअर.

आधी शंका आली ती कायद्याची. आम्ही महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेलो. तिथे घरी करणं सोडाच, नुसती प्यायलाही परवाना लागतो. इंग्लंडातही घरच्या बिअरला परवाना असे. १८८०मध्ये ग्लॅडस्टनसाहेबांनी तो लावला आणि १९६३मध्ये रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी काढून टाकला. आता घरच्यापुरती खुशाल करा, विकू मात्र नका. माझी बिअर चाखलेल्या कुणालाही मी ती विकेन अशी भीती वाटलेली नाही.

कृतीत फारसा जीव नाही. हॉप्स घातलेला माल्टचा दाट, काळसर पाक डब्यात मिळतो. तो बादलीत ओतायचा, किलोभर साखर घालायची, २३ लिटर होईपर्यंत पाणी, कोमट झालं की वर यीस्टची पुडी भुरभुरवायची आणि झाकण लावायचं. चाळीस पाइंट. पुढचं यीस्ट बघतं. जाणकार म्हणतात, साध्या साखरेनं बिअर अंगानं हडकुळी होते. साखरेऐवजी आणखी एक डबा माल्ट घाला. जाणकारांचे पगार बरे असावेत. बादलीसुद्धा विकत घेऊ नये. सुपरमार्केटच्या बेकरीत केकवरचं आयसिंग झाकणाच्या बादल्यांतून येतं. गोड बोललं तर रिकाम्या बादल्या देतात. गोड बोलायला पैसे पडत नाहीत.

खरी बिअर सिंकमध्ये होते. बादली, नळी, चमचा, बाटल्या, बुचं, सगळं घासायचं, निर्जंतुक करायचं, निथळत ठेवायचं. एका जरी बाटलीच्या तळाशी जुना साका चिकटलेला राहिला, तरी आतला माल आंबट. मी बाटली उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, आत पाहतो. मग लांब दांड्याचा ब्रश घालून पुन्हा फिरवतो. हे दृश्य बायको दारात उभी राहून बघते. लग्न झाल्यापासून कुकरच्या भांड्याला माझा हात लागलेला तिला आठवत नाही.

“ह्यात वरणाचं पातेलं घुसवलं तर चालेल का रे?” असं तिनं एकदा विचारलं. हायड्रोमीटर वाचतोय असं दाखवून मी वेळ मारून नेली.

हायड्रोमीटर ही एकच गोष्ट मी नवीकोरी घेतली. सुरुवातीला तो घनता १.०४० दाखवतो, आंबणं संपलं की आकडा १.०१० च्या आसपास येतो. फरकाला १३१ नं गुणलं की निघतं साधारण चार टक्के अल्कोहोल. आकडा दोन-तीन दिवस एकाच जागी थांबेपर्यंत बाटल्या भरायच्या नाहीत. उरलेली साखर बाटलीत आंबत राहते, वायू कोंडतो आणि काच फुटते. बाटल्याही तपकिरीच हव्यात. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून ऊन लागलं की हॉप्सना कुबट वास सुटतो. म्हणून मी पार्टीत कोण काय पितंय याकडे लक्ष ठेवून असतो आणि तपकिरी बाटली संपण्याची सभ्यपणे वाट बघतो.

इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपाट असतं, टॉवेल उबदार ठेवायला. यीस्टला वीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, त्यामुळे बादली तिथे खाली बसली आणि टॉवेलांना वरचा कप्पा मिळाला. सांगलीहून आई आली, तिनं अंघोळीसाठी टॉवेल ओढला आणि जागीच थबकून वास घेतला.

“काय आंबत टाकलंयस?”

मी सांगितलं. दारूवरून व्याख्यान येणार म्हणून मान खाली घालून तयार राहिलो. तिनं झाकण किलकिलं केलं, फेस पाहिला आणि म्हणाली, “फसफसलंय चांगलं. पण झाकण सारखं उघडू नकोस.” जन्मभर इडलीचं पीठ आणि विरजण सांभाळलेल्या बाईला यात नवीन काही नव्हतंच. फक्त चाळीस पाइंट पिणार कोण, एवढं तिनं विचारलं.

पिणार शेजारचे आजोबा. यॉर्कशरची माणसं पैशाला घट्ट म्हणून साऱ्या इंग्लंडात ख्याती, त्यामुळे आमचं पहिल्यापासून जमतं. दोन घोट घेऊन ते “नॉट बॅड” म्हणाले. इथे यापुढची स्तुती सहसा होत नाही. बाटल्या विसळून परत द्या, असं मी बजावलं. आईनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भर घातली की आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या, विसळलेल्या. सोबत परसातल्या ऱ्हुबार्बची भलीमोठी जुडी. आईनं एक दांडा मोडून चाखला, तोंड वेडंवाकडं केलं आणि लोणचं घालायचं जाहीर केलं. मग घरभर बरणी शोधली. शेवटी कपाट उघडून, मापटं घ्यावं तशी बादली नजरेनं मोजत म्हणाली, “हे तुझं कधी उरकतंय?”