मेघाचे मूल्यमापन

कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक, हे वा. वि. मिराशींचे प्रतिपादन मान्य केल्यास येथील यक्षाने मेघाबरोबर अलकेस निरोप धाडला. पण तो पोहोचला का आणि पोहोचून विरह किती घटला, हे कवीने नोंदवलेले नाही. परिणाम न नोंदवण्याची ही परंपरा जलसंधारणाच्या योजनाकर्त्यांनी निष्ठेने चालवली आहे. ‘पायाभूत पाहणी’, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीची मोजणी, आणि ‘तुलना गट’, म्हणजे जिथे कामच झालेले नाही अशी गावे, या दोन्हींवाचून विहिरीत चढलेले पाणी योजनेचे की पावसाचे, हे ठरत नाही. तरीही पाऊस बरा झाला की श्रेय योजनेला आणि दडी मारली की दोष मेघाला, हा हिशेब सोयीचाच ठरतो. नाल्याकाठच्या फलकावर खोलीकरणाची लांबी आणि खर्च ठसठशीत रंगवतात, पाणी मार्चपर्यंत टिकले का याला मात्र रकाना नसतो. २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळीवर फारसा परिणाम झाला नाही, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात म्हटले होते. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला.