तिकोणा पेठेतील ग्रंथपाल-कट्टा : काही शास्त्रीय टिपणे

ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद, मांडणी आणि देवघेव सांभाळणारा, आणि या तिन्ही कामांच्या आड येणारा आवाज ओठांवर बोट ठेवून बंद करणारा इसम म्हणजे ग्रंथपाल, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येते. ग्रंथालयशास्त्राने, म्हणजे ग्रंथांचे संकलन, वर्गीकरण आणि वितरण यांचा विचार करणाऱ्या शास्त्राने, आजवर वाचकाच्या वेळेचा, कागदाच्या आयुष्याचा आणि कपाटाच्या उंचीचा बारकाईने विचार केला. परंतु दिवसभर इतरांना गप्प बसवणाऱ्या या इसमाने स्वतः कोठे जाऊन बोलावे, या प्रश्नाला त्या शास्त्राने अद्याप एक वर्गांकही दिलेला नाही. वर्गांक म्हणजे पुस्तकाच्या विषयाला दिलेला आकडा, आणि ज्या गोष्टीला वर्गांक नाही ती ग्रंथपालाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत टिपणात एका कट्ट्याची कल्पना मांडली आहे. हा कट्टा पूर्णपणे काल्पनिक आहे, आणि त्याला इमारत, भाडे, वीजजोडणी किंवा लेखापरीक्षण लागत नाही हा त्याचा सर्वांत मोठा गुण समजावा.

कट्ट्याचा पत्ता तिकोणा पेठ, तालुका मावळ, जिल्हा पुणे असा धरला आहे. हे गाव तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, पवना धरणाच्या जलाशयाजवळ वसले असून लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून आणि कामशेतकडून पवनानगरमार्गे तेथे पोहोचता येते. नावाप्रमाणे किल्ला त्रिकोणी आहे, आणि भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथ, वाचक आणि सेवक अशी ग्रंथालयाची त्रिमूर्ती सांगितलेली असल्यामुळे स्थळनिवडीला शास्त्राधार मिळतो. तो मिळाला नसता तरी स्थळ बदलले नसते, हा भाग वेगळा. प्रत्यक्षात सभासद आपापल्या गावीच असतात, कारण गडचिरोलीच्या ग्रंथपालाला संध्याकाळच्या गप्पांसाठी मावळात येण्याचा प्रवासभत्ता कोणतीही कार्यकारिणी मंजूर करणार नाही. कट्टा भरतो तो मोबाइलच्या पडद्यावर, आणि डोंगराच्या आडोशाला रेंज अधूनमधून रुसते म्हणून तो भरता भरता तुटतोही.

अशा कट्ट्याची गरज हे आळशी माणसाचे निमित्त आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर खुद्द रंगनाथनांच्या चरित्रात सापडते. ते मुळात गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांनी स्वीकारले, आणि वर्गातल्या गजबजाटातून उठून पुस्तकांच्या शांततेत आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना ती शांतता इतकी असह्य झाली, की आपल्याला पुन्हा शिकवण्याच्या कामावर घ्यावे अशी विनंती करायला ते थेट जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले. विद्यापीठ त्यांना ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी विलायतेला पाठवणारच होते. तेव्हा आधी लंडनला जाऊन यावे, परतल्यावरही कंटाळा राहिला तर जागा तयार आहे, असे प्राचार्यांनी सुचवले. रंगनाथन लंडनला गेले, तेथील ग्रंथालये त्यांनी पालथी घातली, एका दुकानात सुटे तुकडे जोडून हवी ती वस्तू तयार करण्याचा मेकॅनो हा खेळ पाहिला, त्यातून त्यांना स्वतःच्या वर्गीकरणपद्धतीची कल्पना सुचली आणि परतल्यावर त्यांनी प्राध्यापकीचे नाव काढले नाही. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त प्रसिद्ध केले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असे ते पाच. त्यांत ग्रंथपालाला त्याचा श्रोता मिळावा असा सहावा सिद्धान्त नाही. ज्याला या अभावाची झळ सर्वांत आधी बसली त्याच्याच हातून तो राहून गेला, याचे नवल वाटते. 12 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून देशभर साजरा होतो, आणि त्या दिवशी ग्रंथपालाला श्रोते मिळतात हे खरे. पण तेव्हा भाषण प्रमुख पाहुण्यांचे असते.

ग्रंथपालांच्या विसाव्याची जागा प्रत्यक्षात उभारण्याचा जगातला गाजलेला प्रयोग मात्र रंगनाथनांच्या आधीचा आणि अमेरिकेतला आहे. सर्व ज्ञान दहा मुख्य वर्गांत बसवून प्रत्येकाला दशांश चिन्हाने हवे तितके फाटे फोडणारी पद्धत 1876 मध्ये प्रसिद्ध करणारे मेल्विल ड्युई यांनी 1895 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक पर्वतराजीत लेक प्लॅसिड क्लब काढला. अध्यापक, ग्रंथपाल अशा बुद्धी शिणवणाऱ्या पण खिसा न भरणाऱ्या पेशांतील लोकांनी डोंगरात, तळ्याकाठी येऊन माफक दरात ताजेतवाने व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. डोंगर आणि तळे या दोन्ही बाबतींत तिकोणा पेठ लेक प्लॅसिडला कोठेही उणी नाही. ड्युई यांना इंग्रजी शब्दांतील अनावश्यक अक्षरांचा इतका तिटकारा होता, की क्लबातील जेवणाची यादीही त्यांच्या सुधारित शुद्धलेखनात छापली जात असे, आणि दमलेल्या पाहुण्याला आपण काय मागवतो आहोत हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नसावे. पण जगातल्या प्रत्येक विषयाला जागा देणाऱ्या या गृहस्थांच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता. त्यावरून तक्रार झाली, राज्याच्या शिक्षणमंडळाने कानउघाडणी केली आणि 1905 मध्ये ड्युई यांना राज्य ग्रंथपालपद सोडावे लागले. पुढे त्या क्लबाने हिवाळी खेळांचा नाद धरला आणि 1932 चे हिवाळी ऑलिंपिक लेक प्लॅसिडला भरले. ग्रंथपालांना विश्रांती देण्यासाठी काढलेल्या संस्थेची परिणती बर्फावरच्या उड्यांत व्हावी, यावरून या वर्गाच्या साठलेल्या ऊर्जेचा अंदाज येतो.

मराठी मुलखाशी अधिक जवळचे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, आणि 1912 पासून तेथून ग्रंथालयविषयक एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून निघू लागले. ग्रंथपालांनी परस्परांशी बोलण्याची ही सोय होती. फक्त एका अंकातल्या मुद्द्याला उत्तर द्यायचे तर पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे, त्यामुळे भांडणाला रंग चढत नसे.

कट्ट्यावर तो चढतो. तिकोणा किल्ल्याला वितंडगड असेही नाव आहे, आणि न्यायशास्त्राने सांगितलेल्या चर्चेच्या तीन प्रकारांपैकी, म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणारी वितंडा यांपैकी, तिसरा प्रकार कट्ट्यावर सर्वाधिक चालतो, हा निव्वळ योगायोग मानावा. मात्र सुरुवात नेहमी शांततेने होते. इतर पेशांच्या आभासी बैठकांत ‘कृपया आपला माईक बंद ठेवा’ असे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. येथे सर्व सभासद सवयीने तो बंद ठेवूनच येतात, पंधरा मिनिटे एकमेकांकडे प्रसन्नपणे पाहत बसतात आणि अखेरीस कोणीतरी दबक्या आवाजात बोलू लागतो.

पहिला विषय अनुदानाचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम हा 1967 चा. त्यानुसार राज्यातील शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. त्याच 1967 मध्ये शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि गावोगावची ग्रंथालये त्यानंतर या दोहोंच्या आधारावर चालत आली आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फरक एवढाच, की कादंबरीची मागणी वर्षभर असते आणि अनुदान हप्त्याने येते. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात दाखल नोंदवही लिहिणारा, म्हणजे प्रत्येक नव्या पुस्तकाला क्रमांक देऊन त्याची जन्मनोंद करणारा, कुलूप उघडणारा, झाडू मारणारा आणि वर्तमानपत्रे काठीला लावणारा माणूस एकच असतो, आणि त्याच्या मानधनाचा आकडा ऐकल्यावर पडद्यावरचे काही चौकोन रेंज गेल्याचा बहाणा करून काळे होतात. पडद्यावर अ वर्गाचा आणि ड वर्गाचा चौकोन मात्र सारख्याच आकाराचा दिसतो. समतेचे हे तत्त्व कट्ट्याने ठराव न करता साधले आहे.

दुसरा आणि खरा विषय वाचक. येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते, कारण कोणी काय वाचले हे बाहेर सांगू नये, हा ग्रंथपालाच्या पेशाचा धर्म आहे. त्यावर तोडगा म्हणून कट्ट्यावर कोणाचेही नाव घेतले जात नाही; सर्व कथा वर्गणीदार क्रमांकाने सांगितल्या जातात. परिणामी अनोळखी माणसाला हे संभाषण लॉटरीच्या सोडतीप्रमाणे भासते. एकशे बारा यांनी घरगुती औषधांचे पुस्तक चौथ्यांदा नेले, यावर सर्वजण हळहळतात. सत्तेचाळीस आणि दोनशे तीन हे एकाच पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने एकमेकांना उत्तरे लिहीत आहेत आणि अद्याप प्रत्यक्ष भेटलेले नाहीत, ही वार्ता कट्टा आठवडाभर चघळतो. आपण वाचलेले पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून ठरावीक पानावर बारीकशी खूण करून ठेवणाऱ्या ज्येष्ठ वाचक भगिनी ही तर महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रंथालयाची समांतर तालिकापद्धती आहे; तालिका म्हणजे संग्रहातील पुस्तकांची शोधयादी. एकीची फुली, दुसरीचा ठिपका, तिसरीचे गोल, अशा चिन्हांवरून एखाद्या कादंबरीचा वीस वर्षांचा प्रवास अनुभवी ग्रंथपाल घडाघडा वाचून दाखवतो. याउलट बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा वाचक हा कट्ट्याचा सामाईक शत्रू आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हे लक्षात घेता त्या वाचकाच्या चिकाटीबद्दल काही सभासदांच्या मनात दबलेला आदरही आढळतो. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरून पहिल्याच दिवशी फक्त राशिभविष्याची पाने वाचणारे आणि अंक परत करताना ‘यंदा मजा नाही’ असा अभिप्राय देणारे, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

तिसरा विषय वर्गीकरण, आणि तेथे मात्र कट्टा हमखास तुटतो. ड्युईच्या पद्धतीत इंग्रजी साहित्याला 820 हा ऐसपैस आकडा आहे आणि अवघे मराठी साहित्य 891.46 या दशांशाच्या खोलीत दाटीवाटीने राहते, यावर सर्वांचे एकमत होते. पण एकमत ही कट्ट्याला न सोसणारी गोष्ट असल्यामुळे लगेच उदाहरण मागितले जाते. मावळातल्याच तळेगाव दाभाड्याला राहिलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी आहे हे मान्य. पण पवनेच्या काठी भरणाऱ्या कट्ट्याने ती स्थानिक इतिहासाच्या कपाटात का ठेवू नये, असा प्रश्न एकदा निघाला की दोन तास निश्चिंत जातात.

रंगनाथनांच्या अनुयायांची तऱ्हा निराळी. त्यांच्या द्विबिंदू पद्धतीत कोणताही विषय व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच पैलूंनी तपासला जातो. व्यक्तित्व म्हणजे विषयाचा गाभा, पदार्थ म्हणजे तो ज्याचा बनला ते द्रव्य, ऊर्जा म्हणजे त्यावर होणारी क्रिया, आणि उरलेले दोन म्हणजे स्थळ व वेळ. या पद्धतीने कट्ट्यावरच्या चहाचे वर्गीकरण करण्याचा प्रस्ताव आला. उकळणे ही ऊर्जा, तिकोणा पेठ हा अवकाश आणि दुपारचे चार हा काल, इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पण आले हा चहाचा पदार्थ की व्यक्तित्व, यावर कोकण आणि विदर्भ आमनेसामने आले. मराठवाड्याने गुळाचा चहा ही स्वतंत्र शाखा मानण्याचा आग्रह धरला. पुण्याच्या एका सभासदाने मूळ संहितेत असे कोठेही म्हटलेले नाही, एवढेच सांगून माईक पुन्हा बंद केला. निर्णय होईपर्यंत प्रत्येकाच्या घरचा चहा निवाला होता. तो ऊन करून घेतल्यास नवी आवृत्ती समजावी की पुनर्मुद्रण, हा उपप्रश्न पुढील बैठकीवर सोपवण्यात आला.

पावसाळ्यात बोलणे आपोआप कसर आणि बुरशीकडे वळते. कसर म्हणजे कागद व खळ खाणारी चंदेरी कीड. मावळातल्या धुवाधार पावसात पुस्तकांची पाने फुगतात, बांधणी सुटते आणि कपाटाच्या दारांना स्वतंत्र मते फुटतात, त्यामुळे कडुनिंबाचा पाला विरुद्ध डांबरगोळ्या हा वाद दर जूनमध्ये नव्याने पेटतो. गडावर येणाऱ्या शनिवार-रविवारच्या गर्दीपैकी एखादा पर्यटक भिजू नये म्हणून एखाद्या गावच्या ग्रंथालयात शिरला आणि सक्तीने का होईना तासभर वाचत बसला, तर त्याची नोंद वाचकसंख्येत धरावी का, हा प्रश्न त्याच सुमारास निघतो. धरावी, असे कट्ट्याचे मत पडते. पाऊस हा महाराष्ट्रातील सर्वांत कार्यक्षम ग्रंथप्रसारक आहे.

एवढे होईपर्यंत जे व्हायचे ते झाले. बोलणाऱ्यांची नोंद असावी म्हणून एका सभासदाने वही घातली. दुसऱ्याने तिला रकाने आखले. तिसऱ्याने वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढली आणि चौथ्याने कट्ट्याला ‘ड’ वर्गाची मान्यता मिळावी म्हणून अर्ज तयार केला. अर्जासोबत जागेचा उतारा, सभासदांची यादी आणि मागील वर्षाचे जमाखर्चपत्रक जोडणे आवश्यक आहे, असे लक्षात आल्यावर काल्पनिक जागेचा उतारा कोठे मिळतो याची चौकशी करण्यासाठी तीन जणांची उपसमिती नेमली गेली. उपसमितीने पहिल्याच बैठकीत चहाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा हा मुद्दा घेतला आहे, आणि आले अद्याप प्रलंबित आहे.