ऑन-रोडचा सातबारा

मुळशी तालुक्यात कागद न वाचणारा माणूस फार काळ टिकत नाही. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हापासून संपादन, मोबदला, नोटीस, हरकत हे शब्द इथल्या पोरांच्या पाळण्यातच कानावर पडतात. पुढे हिंजवडी-माणला आयटी पार्क आलं, पिरंगुटला कारखाने आले, भूगाव-भुकूमच्या खाचरांत इमारती उगवल्या. त्यामुळे पौडच्या तहसील कचेरीबाहेर चहा पिणारे कुणीही आबा सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना, फेरफार नंबर आणि मयत चुलत्याचं राहून गेलेलं नाव एका नजरेत टिपतात. साठेखतात एक ओळ इकडची तिकडे झाली, तर वकिलाला घाम फुटतो, आबांना नाही.

हेच आबा गाडीच्या शोरूममध्ये जातात आणि कोटेशन न वाचता सही ठोकतात.

जमिनीचे पैसे आले की दारात मोठी गाडी, ही इथली रीत इतकी प्रसिद्ध झाली की प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या चित्रपटाच्या नावातच तालुक्याचं नाव आलं. पण सगळेच काही गुंठामंत्री नसतात. बरेचसे आबा दुधाचे, भाताचे, भाड्याच्या खोल्यांचे पैसे जमवून, हिंजवडीत नोकरीला असलेल्या पुतण्याला बरोबर घेऊन, जरा कमी लांबीची गाडी बघायला जातात. शोरूममध्ये एसी असतो, कॉफी फुकट असते आणि 'सर' म्हणणारा टाय लावलेला मुलगा असतो. पासष्ट वर्षांत तलाठ्यानं कधी आबांना बस म्हटलेलं नसतं. मग शोरूममध्ये सही न करणं म्हणजे पाहुणचाराचा अपमान.

"एक्स-शोरूम नऊ लाख नव्व्याण्णव हजार, सर."

"आन् घरी नेईस्तवर?"

"ऑन-रोड काढून देतो ना, सर!"

ऑन-रोड काढणे ही प्रिंटरमधून होणारी प्रसूती आहे. बाहेर येणाऱ्या कागदावर पंधरा-वीस ओळी असतात आणि आबांचं लक्ष शेवटच्या आकड्यावर जातं. तो बघून ते आधी टोपी काढतात आणि मग पुतण्याकडे बघतात. पुतण्या म्हणतो, "आबा, सरकारचा टॅक्स असतो ओ. त्यात काय करणार?"

सरकारचा टॅक्स असतोच. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी वाहनकर लागतो. डिझेलला हाच हिशेब १३, १४, १५ असा चढतो. सीएनजीला तो ७, ८, ९ होता. १ जुलै २०२५ पासून त्यात एकेक टक्का वाढला. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा गावात पेढे वाटायचे बाकी राहिले होते. पण वाहनकर हा जीएसटी धरून होणाऱ्या किमतीवर बसतो, म्हणजे करावरही कर आहेच.

खरी मौज दहा लाखांच्या बांधावर असते. आबांची गाडी ९ लाख ९९ हजारांची. टक्केवारीनं कर १ लाख ९ हजार ८९०. तेवढ्यात सोबत आलेल्या काकू म्हणतात, "पांढरी नको, ती लाल घ्या, वरनं काळं छप्पर असलेली." त्या काळ्या छपराचे जादा फक्त दोन हजार धरू. गाडी १० लाख १ हजारांची झाली आणि कर १२ टक्क्यांनी १ लाख २० हजार १२० झाला. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला जून २०१६ पासून १ टक्का टीसीएस लागतो, ते आणखी १० हजार १०. दोन हजारांचं छप्पर बावीस हजारांना पडलं. बांध कोरल्याचा एवढा दंड तालुक्यात आजवर कुणी भरला नसेल.

टीसीएस हा प्राप्तिकर असतो, तो परत मिळू शकतो. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. आबांचं मुख्य उत्पन्न शेतीचं, त्यावर प्राप्तिकर नाही, आणि दूध-भाड्याचं करमर्यादेच्या आत, म्हणून त्यांनी विवरणपत्र जन्मात भरलेलं नाही. आता स्वतःचेच दहा हजार मागायला त्यांना सीए गाठावा लागणार.

ही झाली मोठी रक्कम. गंमत लहान ओळींत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी फी ६०० रुपये आहे, आरसीच्या स्मार्ट कार्डचे २०० आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायला १,५००. सरकारचं पोट एवढ्यात भरतं. मग कोटेशनवर 'आरटीओ व इतर' असा जो गोलमटोल आकडा असतो, त्यातला 'इतर' कोण, हे विचारायला हवं. सातबाऱ्यावर असं अनोळखी नाव दिसलं असतं, तर आबांनी त्याच दिवशी हरकत घेतली असती.

त्याखालची ओळ हँडलिंग चार्जेसची. कुठे ती चार आकडी असते, कुठे पाच आकडी, कुठे 'लॉजिस्टिक्स' असं नाव बदलून येते. कर आणि फीच्या कुठल्याही सरकारी तक्त्यात ती सापडत नाही. टायवाला मुलगा समजावतो की गाडी कंपनीतून आणायची, धुवायची, पासिंगला न्यायची. आता मोटारी जिथे बनतात ते पिंपरी, चाकण, रांजणगाव हे सगळं पुणे जिल्ह्यातच आहे. आणि पासिंगचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार राज्यातल्या ग्राहकासाठी नोंदणीचा अर्ज डीलरनंच करायचा असतो. तयार बांधणीची नवी गाडी तपासणीसाठी आरटीओच्या दारात उभी करावी लागत नाही. हँडलिंग होतं ते आबांचं.

विमा हा वेगळा अध्याय. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो कुणाकडून घ्यायचा याची सक्ती नाही. तरी "बाहेरचा विमा घेतला तर डिस्काउंट जाईल, सर" हे वाक्य इतक्या हळहळीनं म्हटलं जातं की आबांनाच वाईट वाटतं. झिरो डेप, चावी हरवल्याचं कव्हर, इंजिन प्रोटेक्ट अशी पुरवणी यादी वाचली जाते. त्यातलं इंजिन प्रोटेक्ट मुळशीकरानं हसण्यावारी नेऊ नये: जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला होता. चावी मात्र आबांच्या करगोट्याला असल्यानं तिच्या कव्हरवाचून अडत नाही.

आणि मग कागदपत्रं. आधारवर 'रामचंद्र', पॅनवर 'रामभाऊ', बँकेत 'आर. डी.'. पत्त्यासाठी लाइट बिल मागावं, तर महावितरणच्या दप्तरी अजून आबांचे आजोबा हयात असतात. नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म २० वर, पेन्सिलीनं खुणा केलेल्या असतात. "फक्त टिक केलंय तिथे सह्या, सर," एवढीच सूचना. रकाने कोरेच. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आबांनी आयुष्यभर भावकीला सांगितलेलं असतं.

नंबराच्या बाबतीत मात्र पुतण्या जागा होतो. त्याला दादा दिसेल असा ४१४१ हवा. पुण्यासारख्या शहरांत ऑगस्ट २०२४ पासून चारचाकीच्या ०००१ ला ६ लाख मोजावे लागतात; बाकीचे पसंतीक्रमांक त्याखाली. पण एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली आणि तिच्यातला अक्षरांचा साचा ठरलेला असतो. पैसे भरून घेतलेला दादा पाटीवर निमूट ४१४१ च दिसतो.

आबांची मुळातली विद्या इथे कामाला येते, फक्त ती शोरूमच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवू नये. कोटेशन हाती आलं की कॉफी बाजूला सारून प्रत्येक ओळीवर बोट ठेवावं आणि विचारावं, "हिची सरकारी पावती मिळंल का?" कर, नोंदणी फी आणि बोजाची पावती मिळते. विम्याची पॉलिसी मिळते, तीही दुसरीकडचा दर विचारून घ्यावी. ज्या ओळीला पावतीही नाही आणि नियमही नाही, ती काढून नवं कोटेशन मागावं, आणि बुकिंगचे पैसे त्यानंतरच द्यावेत. ओळ निघत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीत बोलता येतं.