बोटीवर बोट

जूनच्या पहिल्या आठवड्यात हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येऊन ओळीने लागतात. आता 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. कुणी झावळ्यांनी बोट शाकारतो, कुणी निळं प्लास्टिक ओढून मोकळा होतो. जाळी घरच्या पडवीत येऊन पडतात, नेपाळकडचे खलाशी आपापल्या गावी निघून जातात. दर्यावरच्या माणसाला वर्षभरात झोप मिळते ती याच दिवसांत. आमच्या वाडीतल्या काकांचा मात्र हंगाम आत्ता सुरू होतो.

पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक छोटी हातोडी, चांभाराची असते तशी आरी, बॅटरी, दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणि शंभर पानी वही. काकांना बोट घ्यायची आहे. 2007 साली मुंबईच्या गोदीतून फिटर म्हणून निवृत्त होऊन ते गावी आले, तेव्हापासून घ्यायची आहे. चौकातल्या फलकावरचा भावी आमदार कधी आमदार होत नाही आणि फलकावरून उतरतही नाही. तसे आमचे काका भावी नाखवा. गाव त्यांना तोंडावर ‘नाखवा’ म्हणतं आणि पाठीमागेही ‘नाखवा’च म्हणतं, फक्त पाठीमागे म्हणताना हसतं.

मी शाळामास्तर, पंधरा जूनपर्यंत मोकळा, आणि माझ्याकडे स्कूटर आहे. एवढ्या दोन गुणांवर काकांनी मला सचिव नेमलं.

त्यांना हवी आहे ती ‘मधली’ बोट. हे मधलं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. पहाटे जाऊन दुपारी परत येणारी फायबरची होडी काकांच्या बजेटमध्ये दोनदा बसते, पण ती त्यांना नको. “ती काय, मागे मशीन लावलेली परात,” असं त्यांचं मत. दुसऱ्या टोकाला पर्ससीनची मोठी धुडं. ती परवडत नाहीतच, शिवाय 2016 च्या सरकारी अधिसूचनेनंतर पर्ससीनचे नवे परवाने बंद झाले, तेव्हा काकांना मनातून सुटल्यासारखं झालं. उरली मधली. पंचेचाळीस-पन्नास फुटांची, सहा सिलिंडरची, सात-आठ माणसांची, बर्फ भरून आठ दिवस बाहेर राहील अशी. बारा सागरी मैलांच्या आत राज्याची हद्द, तिथे सगळ्यांची गर्दी. काकांना चाळीस वावाच्या पलीकडे जायचं आहे, जिथे कुपा आणि म्हाकूल मिळतं. म्हणजे बोटीला जायचं आहे. काकांचं काय, ते पुढे येईल.

अशी बोट नवी बांधायची म्हटली तर काकांची ठेव इंजिनापाशीच संपते. म्हणून जुनी. जुन्या बोटीचा काकांचा सिद्धांत मला खरोखर पटलेला आहे: सांगाडा, इंजिन आणि बर्फाचा खण, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी तुमच्या पैशात चांगल्या मिळतात. तिसरीत तुम्हाला गंडवलं जाणारच, फक्त कुठल्या तिसरीत ते आपण ठरवायचं. कोणीही शहाणा माणूस एवढं कळल्यावर इंजिन जुनं घेईल, कारण इंजिन बदलता येतं. काकांना एवढं कळलं आणि ते तिथेच अडकले. त्यांना तिन्ही हव्यात.

लाकडी बोटीपाशी गेले की ते आधी काहीच बोलत नाहीत. चप्पल काढतात. पाणरेषेच्या खाली बसून हातोडीने फळ्यांवर ठोकत पुढे सरकतात, कान लाकडाला लावून. टण, टण, टण. एखाद्या ठिकाणी ‘भद्’ वाजतं. काका थांबतात, मान तिरकी करतात, पुन्हा ठोकतात. मग पिशवीतून आरी निघते. चांगल्या सागात आरी दाण्याएवढीसुद्धा घुसत नाही. इथे ती लोण्यात जावी तशी जाते आणि बाहेर येते तेव्हा तिच्या टोकाला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं, काळपट चिकटलेलं असतं. काका ते बोटावर घेतात, चुरतात, नाकाशी नेतात आणि मालकाला न दाखवता मला दाखवतात. मालक दहा फुटांवर उभा राहून खाडीकडे बघत असतो, जणू ही बोट त्याची नव्हेच.

लाकडावर फायबरचा लेप मारलेल्या बोटींवर त्यांचा विशेष राग. लेप नीट सुक्या लाकडावर बसला तर बोटीचं आयुष्य वाढतं, हे तेही मानतात. पण ओल्या, किडक्या लाकडावर लेप मारला की आत कुजणं चालूच राहतं आणि वरून बोट नवरीसारखी चकाकते. “पावडर लावलीय,” एवढंच म्हणून ते रुपयाच्या नाण्याने ठोकायला लागतात. लेप सुटलेल्या जागी नाणं पोकळ वाजतं. निव्वळ फायबरच्या बोटीवर ते तळाचे फोड मोजतात. एका बोटीवर एकशे बारा मोजले. एकशे तेरावा मालकाने स्वतः दाखवला, विषय संपावा म्हणून.

खण ते नाकाने तपासतात. झाकण उघडून डोकं आत घालतात आणि खोल श्वास घेतात. हे दृश्य मी सहसा लांबून बघतो. खणाच्या भिंतीतलं थर्माकोल पाणी प्यायलं असेल तर वास जात नाही, कितीही धुवा, आणि बर्फ टिकत नाही. “पाचव्या दिवशी सरबत,” डोकं बाहेर काढत काका म्हणतात, “आणि सहाव्या दिवशी पापलेटाचं खत.”

मग इंजिन. काळा धूर आला तर डिझेल नीट जळत नाही, निळा आला तर ऑइल जळतंय, पांढरा आला आणि थांबेचना तर पाणी कुठेतरी शिरलंय. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर काका पट्टी पुसून परत घालतात आणि मालकाला “चहा घेऊन आलोय” म्हणून निघतात. नव्याने रंगवलेलं इंजिन दिसलं की त्यांचा संशय दुप्पट. जुन्या इंजिनाला कोण रंग देतो?

एका बोटीवर केबिनमागे जाड लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि डेकवर चार मोठी भोकं. तिथे केव्हातरी भला थोरला जनरेटर बसवलेला असणार. एलईडीच्या उजेडात मासे गोळा करण्यावर 2017 पासून बंदी आहे, हे किनाऱ्यावर पोरालासुद्धा ठाऊक.

“जनरेटर कशाला होता?” काकांनी विचारलं.

“टीव्हीला,” मालक म्हणाला.

“किती इंची?”

मालक उत्तर देण्याऐवजी भोकांवर दोरखंडाचं वेटोळं टाकून त्यावर बसला.

कागद बघणं हा माझा भाग. नोंदणी, परवाना, विमा, बँकेचा बोजा, डिझेल सोसायटीची थकबाकी. एकाने तर डिझेलचा सरकारी परतावा थकलाय, तो आला की तुमचाच, असं म्हणून ती रक्कम बोटीच्या किमतीत धरली होती. न आलेले पैसे विकणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काकांनी त्याच्याबद्दल बराच आदर व्यक्त केला.

काकांच्या वहीत उजव्या पानावर कायम एक रकाना असतो: ‘बोट घेतल्यानंतर’. जाळी, दोरखंड, बर्फ, डिझेल, रेशन, जीपीएस, वायरलेस, तांडेलाची उचल, खलाशांची उचल. बोट पाण्यात ढकलायच्या आत किमतीच्या निम्म्याएवढे पैसे असेच जातात आणि नवशिका नाखवा इथेच बुडतो, समुद्रात नव्हे. हा रकाना काका इतक्या प्रामाणिकपणे भरतात की डाव्या पानावरची बोट घ्यायची हिंमत कुणालाच होऊ नये.

2020 साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली आणि काका वर्षभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते. खोल समुद्रातल्या बोटीसाठी 1 कोटी 20 लाखांचा खर्च धरलेला, सर्वसाधारण माणसाला 40 टक्के अनुदान, महिलांना 60 टक्के. काकांनी ओटीवर बसून खडूने हिशेब मांडला. काकूंच्या नावावर बोट घेतली तर सरकार 72 लाख देणार.

“बहात्तर लाख!” ते दिसेल त्याला सांगायचे. “घरातल्या घरात नुसतं नाव बदलायचं, बहात्तर लाख!”

काकू सुकटीचं टोपलं उन्हातून सावलीत ओढत होत्या. म्हणाल्या, “आणि उरलेले अठ्ठेचाळीस?”

काकांनी खडू ठेवला. ठेव अठरा लाखांची. तरी पुढचे कितीतरी दिवस ते काकूंशी जरा अदबीने वागत. भावी मालकीणबाई त्या.

आता चाचणीफेरी. बोट जमिनीवर कितीही बघा, पाण्यात घातल्याशिवाय खरं कळत नाही. पर्यटकांच्या वाऱ्या संपणं आणि समुद्र खवळणं यांच्या मधले चार दिवस काका त्यासाठी राखून ठेवतात. बंदरातून निघायचं, सुवर्णदुर्गाला वळसा घालायचा आणि परत. अर्ध्या-पाऊण तासाचा मामला. पण किल्ल्याच्या मागे गेलं की उघड्या समुद्राची लाट लागते, आणि काकांना बोट लागते.

होय. ज्याला आयुष्यभर बोट हवी आहे, त्याला बोट लागते. कोळ्याच्या पोटी जन्म, आजोबांचा शिडाचा मचवा, आणि हे गोदीत फिटर झाले ते का, याचं उत्तर वाडीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे. गोदीत उभ्या असलेल्या जहाजावर त्यांनी तीस वर्षं काढली. बांधलेलं जहाज लागत नाही.

गेल्या वर्षीची फेरी मला विसरता येणार नाही. किल्ल्याचा बुरुज डावीकडे, बोट नाळ वर करून चढते आणि दाणकन खाली बसते, आणि काका केबिनच्या दाराला टेकून बर्फाच्या टोपलीत तोंड घालून बसलेले. चेहरा ताज्या म्हाकुलासारखा पांढरा. मी पाठीवरून हात फिरवतोय. एकाएकी टोपलीतून त्यांचा उजवा हात वर आला. तर्जनी ताठ.

“तिसरा,” टोपलीतून आवाज आला. “तिसऱ्या सिलिंडरला ठोका आहे. ऐकलास?”

तांडेलाने मशीनकडे पाहिलं, मग मालकाकडे. मालकाचा चेहरा काकांपेक्षा पांढरा झाला होता.

या तर्जनीची किनाऱ्यावर दहशत आहे. बोटीत बोट घालायचं आणि मग बोटीवर बोट ठेवायचं, हे त्यांचं कसब इतकं पक्कं की आता लोक स्वतःची बोट घ्यायला निघाले की काकांना सोबत नेतात. काका दोन तास ठोकतात, हुंगतात, मान हलवतात, आणि किंमत लाखाने खाली येते. हर्णैत आज धंदा करणाऱ्या निदान सात बोटी अशा आहेत, ज्या काकांनी स्वतःसाठी नापास केल्या आणि दुसऱ्यांनी काकांनीच पाडून दिलेल्या भावात घेतल्या. संध्याकाळी वाळूवर लिलाव सुरू झाला, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या आणायला लागल्या, की काका तिथे उभे असतात. “ती बघ, आपली सतरा नंबर,” ते म्हणतात. वहीतला नंबर. “डाव्या बाजूची चौथी फळी मी म्हटलं होतं. बदलली त्याने.” त्या बोटीने चांगली सुरमई आणलेली असते. काकांना त्याचं दुःख होत नाही, हे मला बरीच वर्षं खरं वाटत नव्हतं. आता वाटतं. आपल्या हातून नापास झालेली पोरं कलेक्टर झाली तर मास्तरला होतो तसला काहीसा आनंद त्यांना होतो. एका विक्रेत्याने तर मागच्या वर्षी, तुम्ही आमच्या बोटीकडे फिरकू नका म्हणून, घरी दोन मोठी पापलेटं पाठवली. काकांनी ती खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी फिरकले.

आणि मग या जूनमध्ये ती बोट आली.

खाडीच्या आतल्या बाजूला एकटीच उभी होती. काकांनी चप्पल काढली. टण, टण, टण. नाळेपासून सुकाणूपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत. एकदाही ‘भद्’ नाही. आरीचं टोक वाकलं, पण आत गेलं नाही. खणात डोकं घातलं, खोल श्वास घेतला, बाहेर काढलं आणि पुन्हा घातलं. वास नाही. इंजिनावर रंग नाही, ऑइल स्वच्छ, धूर फिकट. पंख्याच्या शाफ्टला केसभरसुद्धा खेळ नाही. मी कागद पाहिले: बोजा नाही, थकबाकी नाही, परवाना चालू. मालक सत्तरीचा, शांत माणूस. किंमत विचारली. सोळा लाख. उजव्या पानावरचा रकाना बराच आखडता घेतला तर बसत होती.

काका वाळूवर बसले. अशा वेळी माणसाचा चेहरा कसा व्हावा? त्यांचा उतरला होता. पाच मिनिटं त्यांनी हातोडी पिशवीत घातली, काढली, घातली. शेवटी उठून मालकासमोर उभे राहिले.

“मग विकताय कशाला?”

“पोरगा नाय म्हणतो,” मालक म्हणाला. “मुंबईला नोकरी धरली. त्याला बोट लागते.”

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग तर्जनी हळूहळू वर आली.

“बोट लागते म्हणून,” ते म्हणाले, “कोण बोट विकतं?”

परतताना आंजर्ल्याच्या पुलावर त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली. मांडीवर वही उघडून, वारा पानं उडवत असताना, ‘दोष’ या रकान्यात लिहिलं: कारण संशयास्पद. मग पान उलटलं आणि विचारलं, दाभोळला जायला पेट्रोल पुरेल का.